नमुना नऊवर एकच सही

"हलू नका... आणि जमलं तर श्वासही घेऊ नका."

दार ढकलून ती आत येते न येते तोच हे शब्द कानावर आले. ती थबकली. एक पाय बाहेर, एक आत, एका हातात नोटीस आणि दुसऱ्या हातात चिकटपट्टी. समोर काचेच्या पेटीत एक इवलासा काटा होता आणि त्याच्यावर वाकलेला एक उंच तरुण. आकडा थरथरला, रेंगाळला, स्थिरावला. त्याने तो वहीत उतरवला आणि मग कुठे मान वर केली.

"झालं. घ्या आता श्वास."

"तुमची परवानगी घेऊन?" ती लाल झाली होती, निम्मी रागाने आणि निम्मी खरोखरच गुदमरून.

"माझी नाही हो, काट्याची. त्याला वारासुद्धा कळतो."

"म्हणजे मी इथे यायचंच नाही की काय?"

"यायचं की... हळू यायचं."

हा कारखाना तोलकाट्यांचा. औषधाची चिमूट, सोन्याची तार जोखणारे नाजूक काटे इथे तयार होत. त्या तरुणाच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही काटा बाहेर पडत नसे. केसाएवढ्या फरकासाठी तो साहेबांशीही भांडायचा, म्हणून सगळे त्याला मिलिग्राम म्हणत. आणि ती? कंपनीची चाळीस पानी नियमावली तिने स्वतः लिहिली होती. कुणाला कसं नेमायचं, कुणाला कोणत्या कारणाने काढायचं, सगळं त्यात होतं. पाठीमागे लोक तिला नियमबाई म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला सांगा, तिला ते आवडायचं.

त्या दिवशीची नोटीस होती फोनची. खासगी फोन फाटकावर जमा करायचा. घरचा निरोप आला तर तो फाटकाने पाच मिनिटांत आत पोचवायचा. जोखणीच्या खोलीत सापडला तर चौकशी, आणि नोकरीही जाऊ शकते.

आठवड्याने मिलिग्राम नियमावली घेऊन तिच्या टेबलापाशी हजर. पानोपानी खुणा.

"मॅडम, सहाव्या कलमात 'शक्यतो' असं लिहिलंय. शक्यतो म्हणजे नक्की किती?"

ती बघतच राहिली. चाळीस पानं वाचणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. मॅनेजरांनी तर मुखपृष्ठावरच सही ठोकली होती.

"तुम्ही अख्खी वाचलीत?"

"दोनदा. तेरावं पान फार सुंदर आहे. कुणाला काढायचं असेल तर आधी त्याचं ऐकून घ्यायचं... ते तुम्ही मनापासून लिहिलंय."

तिने 'शक्यतो' खोडलं. पुढच्या आठवड्यात तो दुसरी शंका घेऊन आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरी. शंका संपत आल्या तसा तो एकेक पुरवून वापरू लागला. आणि ती... गुरुवार आला की तिची नजर घड्याळापेक्षा दाराकडेच जास्त जायची. बोललं मात्र कुणीच काही नाही.

मग एका दुपारी, ऐन जोखणीत, मिलिग्रामच्या मोज्यात फोन थरथरला. आकडे उड्या मारू लागले. बारा काटे पुन्हा तपासावे लागले. फाटकावरचे सुरक्षाप्रमुख, ज्यांना सगळे सुभेदारकाका म्हणत, ते स्वतः आले आणि त्यांनी तो फोन जप्त केला.

"का?" जिन्यावर गाठून तिने विचारलं. "दोनदा वाचलीत ना नियमावली? मग का?"

"कारण आहे. पण ते चौकशीत सांगेन."

"मला सांगा ना."

"तुम्ही समितीत आहात. आत्ता सांगितलं तर तुमच्या मनावर माझ्या बाजूचं वजन पडेल." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "ते बरोबर नाही, मॅडम."

आत्तापर्यंत तिला तो आवडत होता. त्या जिन्यावर तिला त्याचा अभिमान वाटला, आणि मग काही मागे घेता येईना.

समिती तिघांची होती. मालकीणबाई, मॅनेजर आणि ती. 'एकदा एकाला घालवा, बाकीचे सरळ येतील,' असं मॅनेजर उघड बोलत होते. मालकीणबाई काठावर होत्या. म्हणजे तिचं एक मत त्याची नोकरी वाचवू शकत होतं.

पण एकतिसावं पान होतं. तेही तिनेच लिहिलेलं. सहकाऱ्याशी प्रेमाचं नातं असेल, तर नमुना नऊ भरून कळवायचं. आणि त्याच्या चौकशीत बसायचं नाही.

"अगं, पण नातं आहे कुठे?" आत्याने कपाळाला हात लावला. आई गेल्यापासून आत्यानेच तिला वाढवलं होतं. "तो बोलला नाही, तू बोलली नाहीस. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, आत्या."

"आणि तुझ्या जागी कोण बसणार?"

"नियमाप्रमाणे... सुभेदारकाका."

"ज्यांनी पकडला, तेच? सोन्यासारखा मुलगा घालवशील, बाई!"

तिने पर्समधून कोरा नमुना नऊ काढला आणि पेन उघडलं. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जा. वरचा बघतोय. तुझ्या बापानेही जन्मात कधी माप मारलं नाही."

चौकशी सुरू होताच तिने कागद पुढे ठेवला. मालकीणबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचला.

"'माझं या कर्मचाऱ्यावर प्रेम आहे, म्हणून मी मत देऊ शकत नाही.' बरं... आणि दुसऱ्याची सही कुठाय?"

"त्यांना अजून माहीत नाही."

मॅनेजरांना ठसका लागला. मिलिग्राम उभ्याचा उभाच राहिला. आता श्वास घ्यायचा विसरायची पाळी त्याची होती.

ती उठून भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. सुभेदारकाका तिच्या जागी आले. तिची मान ताठ होती.

मग मिलिग्रामने कारण सांगितलं. महिन्यापूर्वी घरी त्याची आई पडली होती. फाटकावर फोन केला होता तिने. निरोप त्याला मिळाला तो सुटी झाल्यावर, आणि चार तास ती तशीच फरशीवर पडून होती. "चूक माझीच. फोन नेला हे कबूल. पण आईला एकटी टाकून यायचं धाडस मला होईना."

"सगळे असंच म्हणतात," मॅनेजर म्हणाले. "पुरावा काय?"

"पुरावा मी." सुभेदारकाकांचा आवाज घोगरा झाला. "याच्या आईचा फोन मीच उचलला होता. फाटक सोडून जाता येईना, आत धाडायला माणूस नाही. चिठ्ठी लिहिली ती टेबलावरच राहिली. परवा याला पकडला तेव्हा कारण माहीत नव्हतं मला." ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "ही पोरगी आपल्या मनातलं भर सभेत सांगते, आणि मी गप्प बसू? निरोप पाच मिनिटांत पोचवायचा, असं तिनेच लिहून दिलंय. नियम आधी आम्ही मोडला, बाईसाहेब. काढायचंच असेल तर मला काढा."

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"कुणालाच काढायचं नाही. फाटकावर उद्यापासून निरोपाचा माणूस. याला लेखी ताकीद. बारा काटे पुन्हा तपासावे लागलेच आहेत."

ताकीद टाइप करायचं काम अर्थात नियमबाईंचं. तिने एक शब्दही मऊ केला नाही. मिलिग्राम टेबलापाशी आला तेव्हा आख्खं ऑफिस फायलींत डोकं खुपसून कान देऊन बसलं होतं.

"पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल," ती म्हणाली.

"कोण काढणार?"

"मीच कागद करणार."

"मग चालेल." त्याने ताकिदीवर सही केली. पेन मात्र परत दिलं नाही. "मॅडम... तो दुसरा कागद?"

"घाई नाही. आज तुमची नोकरी वाचली आहे. उपकार म्हणून सही नको मला."

"उपकार? तुम्ही तर माझ्या बाजूचं एकमेव मत काढून घेतलंत!" तो हसला, आणि या वेळी डोळेही हसले. मग आवाज खाली आला. "भिंतीजवळ बसलेल्या तुम्हाला बघत होतो, तेव्हा नोकरीचं भानच राहिलं नाही. एवढंच वाटत होतं... ही माझ्यासाठी बसलीय तिथे. ही."

तिने खण उघडला. त्याने नमुना नऊ आधी नीट वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि मग सही केली.

"आता 'मॅडम' म्हणू नकोस," ती हळूच म्हणाली.

मालकीणबाईंची खोली ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने कागदाची घडी घातली नाही, फाईलमध्येही लपवला नाही. सगळ्यांच्या टेबलांमधून, दोन्ही सह्या दिसतील असा हातात धरून, ती तो स्वतः द्यायला निघाली.