बिडाचा तवा

लव्हिनिया फर्नेस गावातली लोखंडाची भट्टी विझून शंभरावर वर्षं झाली, तरी गावानं तिचं नाव सोडलं नव्हतं आणि तिच्या बिडाचे तवेही सोडले नव्हते. घरटी एक तवा. ऑगस्टमधल्या एका रविवारी भट्टीच्या पडक्या धुराड्यापाशी दुपारचं गावजेवण असे. प्रत्येक घरानं आपल्या तव्यात भाजलेला मक्याचा पाव न्यायचा.

कोरीनला लग्न होऊन इथे येऊन तीनच महिने झाले होते. सोबत पहिल्या नवऱ्याची सहा वर्षांची मुलगी, ट्विला. गावानं पोरीला आपलं म्हणावं, एवढ्यासाठी कोरीनची सगळी धडपड. म्हणून गावजेवणाच्या दिवशी सकाळीच तिनं सासूचा तवा साबण लावून खसाखसा घासला आणि उन्हात ठेवला.

ऊन चढल्यावर पाहते तर तव्याला घाम फुटलेला. पिवळट, कोमट चरबी. बोटाला लागली ती काही केल्या सुटेना. वास आजारी माणसाच्या न धुतलेल्या उशीचा.

"साबण लावलास ना?" दारातून सासू, ऑडेल, म्हणाली. "आता रुसेल तो."

"कोण?"

"एमस. भट्टीत वरून कोळसा टाकायचा. तोल गेला... भट्टी थांबवली असती तर आतलं सगळं लोखंड थिजलं असतं. मग त्याच लोखंडाचे ओतले तवे."

"आणि तुम्ही त्यातच भाजून खाता...?"

"मग काय, टाकून द्यायचं होतं बिचाऱ्याला?"

कोरीन तिथेच भडाभडा ओकली. "ट्विला... ट्विला कुठाय?"

"गेली की पुढे. पोरांची पंगत कधीच बसली."

कोरीन धुराड्याकडे धावत सुटली. लांबलचक टेबलांवर पाव कापून झाले होते. म्हातारेकोतारे, बाया चवीनं चावत होते. मधूनच कुणी थांबे, तोंडातून काहीतरी काढी आणि माशाचा काटा काढावा तसं ताटलीच्या कडेला ठेवी. कोरीननं वाकून पाहिलं. माणसाची नखं. ओली, मुळाशी अजून लाल.

तिनं ट्विलाचा दंड धरला. "थुंक! आधी थुंक म्हणते ना!"

पोरीनं शहाण्यासारखं दोन बोटांनी तोंडातून काढून दाखवलं. भोवतालच्या बायांनी टाळ्या पिटल्या. एकीनं आपला तेलकट हात तिच्या केसांवरून फिरवला.

"आई, अंगठ्याचं!" ट्विला हसली. "आजी म्हणाली, हे मिळालं की आपण कायमच्या इथल्याच."