गाणं थांबल्यावरच्या तीन टाळ्या

लूथरची आणि ओडेसाची गाठ पडली ती निव्वळ गडबडीत. छप्पन्न सालचा जानेवारी. ती लाँड्रीतले इस्त्रीचे शर्ट पोचवायला मेम्फिसच्या एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेली, तर मागच्या खोलीत चार पोरं घामाघूम होऊन गाणं रेकॉर्ड करत होती. ड्रमवाला आलाच नव्हता.

"ए शर्टवाली, टाळ्या येतात का?" पियानोवरचा लूथर ओरडला.

"चर्चमध्ये जन्म गेलाय माझा!" ती फणकारली.

"मग लांब, दाराशी उभी राहा. माइक एकच आहे, आणि तू दिसतेस दणकट."

"दणकट...?"

"छानही दिसतेस. वाजव आता!"

तिनं वाजवल्या. गाणं थांबलं... पण आमच्या चर्चमध्ये गाणारा थांबला म्हणून टाळ्या कुठे थांबतात? ओडेसाच्या आणखी तीन पडल्या, भर शांततेत. बिचारी लाजून चूर झाली. लूथर मात्र पोट धरून हसला. "राहू द्या त्या! गाण्यात जीव आला."

आणि आलाच की! उन्हाळ्यापर्यंत ते रॉक अँड रोल घराघरांत शिरलं. नाचाच्या हॉलमध्ये मधोमध दोर बांधायचे, गोरी पोरं इकडे, आपली काळी तिकडे. पण त्या तीन टाळ्यांना दोन्हीकडची एकदमच उसळायची म्हणे. ओडेसानं कुठे पाहिलं होतं? लूथर बँडच्या बसमधून गावोगाव फिरत होता. त्याची कार्डं यायची — 'काल ओहायो. पाऊस. तू नाहीस.' ती ते कार्ड दिवसभर एप्रनच्या खिशात बाळगायची. आठवण तरी किती यावी माणसाला!

घरी रेडिओ लावायची सोय नव्हती. "सैतानाचं संगीत!" म्हणून आई तो बंद करायची.

जुलैतल्या एका रविवारी दुपारी बस दारात येऊन थांबली. जेमतेम पंधरा मिनिटं.

"चल ना आमच्याबरोबर," लूथर म्हणाला. "टाळ्यांना—"

"टाळ्यांना सगळा देश आहे आता. मी कशाला?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. "देश वाजवतो गं... पण मी दाराकडेच बघत बसतो. तू उभी असशील, असं वाटतं."

ओडेसा बसकडे बघत म्हणाली, "लग्नाशिवाय मी त्या बसची पायरी चढणार नाही. आणि ऐक... रस्त्यावरून ते गाणं ऐकू आलं की माझं भान जातं. पाच शर्ट जाळलेत मी! प्रेम आहे माझं तुझ्यावर, मेल्या. झालं समाधान?"

भोंगा वाजला. लूथर धावत पायरीवर चढला, तिथून ओरडला, "नाताळला येतो! पास्टरना सांगून ठेव!"

बस वळली आणि ओडेसा भर रस्त्यात हुंदके देऊन रडली. पाच महिने! कसे काढायचे पाच महिने?

वळून बघते तर आई दारात. सगळं ऐकलं होतं तिनं. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून ओडेसानं मान खाली घातली.

"पूस ते डोळे," आई म्हणाली. "आणि सांग, नाताळला किती पानं मांडू?"

"एक..." ओडेसानं डोळे पुसले. "एक जास्त."