रिटाच्या गाण्यातली नावं

पटो न पटो, मी त्या खोलीत होतो. भुईगाव, २००६ चा मे महिना, भर दुपार. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, त्यामुळे 'अंधारात भास झाला' म्हणायचीही सोय नाही.

माझा मेहुणा जितेंद्र मनवेलपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. माझ्या ओळखीच्या आग्नेल अंकलकडे त्याला मीच नेलं. रविवारी त्यांच्या लविनाचं लग्न होतं. तिची आई रिटा दोन वर्षांपूर्वी गेली होती. आजारपणात तिने लेकीसाठी लग्नाचं गाणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं होतं. त्या गाण्यात नवरा-नवरीची नावं घेतात. लविनाचं नाव तिने घेतलं. जावई ठरला नव्हता, तिथे नुसती गुणगुणली.

मांडवात तेच गाणं लावायचं, हा लविनाचा हट्ट.

आणि नेमका कॉम्प्युटर बंद पडला...

"आपटलाय कोणीतरी," जितू म्हणाला.

"कोण आपटेल?" सुझान मावशी पटकन म्हणाली. ही रिटाची धाकटी बहीण. आजारपणात मदतीला आली, ती राहिलीच. अंकलच्या चहात साखर किती, हे तिला विचारावं लागत नव्हतं.

मी आपलं बघून ठेवलं.

"राहू दे गो बाय," अंकल लविनाला म्हणाले. "बँडवाले आहेत ना."

"बँडवाले माझी आई आहेत का?"

जितूने हार्ड डिस्क काढून वर्तमानपत्रावर ठेवली. "गाणं हिच्यात आहे. आधी बाकीचं मशीन बघतो." त्याने आपली रेस्क्यू सीडी घातली. हार्ड डिस्क नसली तरी तिच्यावर कॉम्प्युटर चालू होतो. दुरुस्तीच्या सामानाशिवाय तिच्यात काही नसतं.

स्क्रीन उजळला. सीडी घरघरली...

थांबली.

स्पीकरमधून खोकला आला.

बाईचा.

"आई..." लविना म्हणाली.

सगळ्यांनी जितूकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले.

'मांडवाखाली नवरी कोण बसली गो...'

लविनाचे ओठ हलत होते. ती आपल्या नावाची वाट बघत होती.

'...सुझान बसली गो.'

मावशीच्या हातातला ट्रे पडला.

'शेजारी नवरा कोण बसला गो...'

इथे गुणगुणणं यायला हवं होतं.

'...आग्नेल बसला गो.'

अंकलनी वायर उपटली.

"हा काय फाजीलपणा?" ते जितूवर ओरडले. "कोणी सांगितलं तुला हे?"

'खोटं आहे' असं मात्र म्हणाले नाहीत.

लविनाने हार्ड डिस्क उचलून छातीशी धरली. मावशीकडे बघितलंही नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "आईला कधीपासून माहीत होतं?"

अंकल उपटलेली वायर गुंडाळायला लागले.

रविवारी लग्न झालं. मांडवात गाणं नव्हतं. ती हार्ड डिस्क कुणालाच दुरुस्त करता आली नाही. लविनाने ती तशीच सासरी नेली.

मी जितूला अनेकदा खोदून विचारलं. तो शपथा घेतो. सीडी मात्र त्याने माझ्याकडे आणून टाकली. परत लावली नाही.

परवा कपाट आवरताना बायकोच्या हाती लागली.

"हीच ना ती? लावून बघूया?"

"नको," मी म्हणालो.

जरा जास्तच पटकन म्हणालो बहुतेक...

तेव्हापासून ती माझ्याकडे बघतेय.