विनीतने निवडलेला पॉवर सप्लाय

महाडच्या बाजारपेठेत रावजी चिकणे खाजगी तपासाची कामं घेत. स्नेहल त्यांच्या कचेरीत आली आणि बसा म्हणेपर्यंत उभीच राहिली. नवरा विनीत दुकानातल्या आगीत जाऊन महिना झाला होता. ती दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती.

विनीत आणि त्याचा भागीदार नीलेश पोलादपुरात विजेवरच्या स्कूटर दुरुस्त करत. २००८ साली तिकडे अशी गाडी नवलाचीच. मोटरच्या तारा तपासायला विनीतने पॉवर सप्लाय, म्हणजे हवा तेवढाच करंट देणारं यंत्र, आणला आणि त्या यंत्रानेच आग लावली, असं सगळे म्हणत होते.

“दोन यंत्रं बघितली होती,” स्नेहल म्हणाली. “मीच म्हटलं, हे घ्या. ह्यात करंटला मर्यादा घालता येते, जोडणी चुकली तरी तारा जळत नाहीत, असं ते सांगायचे. मग जळल्या कशा?”

रावजी मदतनीस महादूला घेऊन त्याच दुपारी पोलादपूरला गेले.

दुकानातलं टेबल जळून गेलं होतं. रावजींनी काळवंडलेला सप्लाय उघडला. आतला फ्यूज शाबूत होता. मागच्या खोलीपर्यंत आग पोचली नव्हती. तिथे ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटऱ्यांपैकी एकीचं टोक मात्र वितळलेलं. महादूचं बोट त्याला लागून काळं झालं.

नीलेशने हकिकत सांगितली. विनीत सप्लायवर मोटर फिरवून बघत होता, तारा पेटल्या, शेजारच्या थिनरने भडका घेतला. आपण मागच्या खोलीत सामान काढत होतो.

शेजारी भागूबाईंची पिठाची गिरण होती. “त्या दिवशी गिरण बंद व्हती, म्हणून त्याची हाक कानावर आली,” त्या म्हणाल्या. “नीलेशला बोलवत व्हता.”

“सुट्टी होती?” रावजींनी विचारलं.

“सुट्टी कसली? बाया डबे घेऊन खोळंबल्या व्हत्या.”

परतताना महादू म्हणाला, यंत्रच खराब निघालं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. पोलिसांचे हवालदारही आले.

“महादू, बायका खोळंबल्या होत्या, तरी गिरण बंद का?”

महादूने विचार केला. “लाईट नसणार.”

“मग भिंतीच्या प्लगवर चालणारा सप्लाय मोटर कशी फिरवेल? तो सुरूच नव्हता, म्हणून त्याचा फ्यूजही शाबूत. लाईट नसताना करंट देणारी वस्तू इथे एकच. बॅटरी. तिला मर्यादा घालणारं काही नसतं. जोडणी उलटी झाली की सगळा करंट एकदम सुटतो. बॅटरीचं टोक वितळलं, पण ती खोली जळली नाही. म्हणजे तारा तिथून इकडे ओढल्या होत्या. आग लागल्यावर त्या कुणीतरी काढल्या. मागे एकच माणूस होता.”

नीलेशने कबूल केलं. गाडी न्यायला गिऱ्हाईक कशेडीहून निघालं होतं. लाईट येईपर्यंत थांबू, असं विनीत म्हणत होता. नीलेशने त्याला न सांगता बॅटरीला तारा जोडल्या, त्याही उलट्या. विनीतच्या हातात तेव्हा मोटरच्या तारा होत्या.

स्नेहलने एकच विचारलं. “ते हाक मारत होते, तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“तारा सोडवत होतो, वहिनी. कुणाला दिसू नयेत म्हणून.”

हवालदार त्याला घेऊन गेले. यंत्राचा दोष नव्हता, निवड बरोबर होती, असं रावजींनी स्नेहलला सांगितलं. तिने मान हलवली. भागूबाईंनी दिलेला उकळता चहा ती गिरणीच्या पायरीवर बसून सरळ पिऊन गेली.

जीभ भाजल्याचं तिला उमरठला, घरी पोचल्यावर कळलं. मग ती रडली.