दुसऱ्या यंत्राचे फराटे

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली.

ज्याच्यावर गुदरली तो रेनो कांगास आमच्याच गावात राहतो. त्याचा शेजारी लाइल तेव्हा तिथे हजर होता. दोघांनाही रचून सांगायची सवय नाही. रेनोला तर धड गप्पाही मारता येत नाहीत.

तारीख बारा जानेवारी २०१६, मंगळवार. जागा, उत्तर मिनेसोटातलं केट्टुला तळं.

आणि वेळ रात्रीची नव्हती... दुपारचे दोन वाजले होते. लख्ख ऊन होतं आणि थंडी उणे बावीस.

त्याआधी दोन नोव्हेंबरला रेनोचा धाकटा भाऊ डेल याच तळ्यात होडीसकट बुडाला होता. वर तरंगत आलं ते एवढंच... पेट्रोलचा लाल डबा आणि एक हातमोजा. शेरीफच्या पाणबुड्या माणसांनी नऊ दिवस शोधलं. मग तळं गोठलं आणि ते निघून गेले.

त्यांची आई आयली शहाऐंशी वर्षांची. ती रोज रेनोला फोन करून एकच विचारायची.

"सापडला का?"

चर्चमागे डेलच्या कबरीसाठी जागा धरून ठेवली होती. ती तशीच रिकामी होती.

म्हणून रेनोनं ठरवलं, आपणच शोधायचं. त्यानं आपल्या होडीवरचं मासे दाखवणारं यंत्र काढलं आणि बर्फावर नेलं. मासा दिसतो तर बुडालेली होडीही दिसेल. तळाच्या रेषेवर टेंगूळ आलं पाहिजे, बस्स.

बोलायला सोपं होतं.

यंत्राचा पडदा वर असतो आणि खाली पाण्यात एक काळा ठोकळा. ठोकळा आवाज सोडतो आणि तळावरून परत आलेला ऐकतो. होडीला तो मागच्या फळीवर पक्का बसवलेला असतो. बर्फाला पाडलेल्या भोकात फळी कुठून आणायची? आणि ठोकळ्याचं तोंड सरळ खाली नसेल तर यंत्र काहीबाही दाखवतं.

रेनोनं नळाचा पाइप कापला, टोकाला लोखंडी कोन लावला, त्यावर ठोकळा आवळला. पाइप भोकात सोडला तर तो गोल फिरायला लागला. चिकटपट्टी लावली, ती थंडीनं चिकटेना. स्क्रू जरा जास्त पिळला तर प्लास्टिकचा कान कडकन तुटला. मग तारेनं बांधलं. तोवर भोकावर बर्फाची साय धरली.

लाइल बर्फावरच शेजारी मांडलेल्या झोपडीत, असलंच यंत्र लावून, भोकातून गळानं मासे धरत होता. कॉफीचा थर्मास घेऊन तो बाहेर आला.

"काय रे, एवढ्या वेळात मी खाली बुडी मारून बघून आलो असतो."

मग आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं.

"पाइप धर," रेनो म्हणाला. "तोंड चालवण्यापेक्षा."

अखेर तळाची रेषा दिसली. बावीस फूट, सपाट.

आणि तिच्यावर... फराटे.

तिरके, तुटक, कोंबडीनं उकरल्यासारखे.

आमच्याकडे हे फराटे पोराटोरांनाही ठाऊक आहेत. दोन यंत्रं जवळ आली की एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू जातो आणि पडद्यावर असा गोंधळ होतो. मग तळ्यावर आरडाओरडा सुरू होतो... "बंद कर तुझं." रेनो आणि डेलची यंत्रं तर अगदी एकसारखी, एकाच दिवशी घेतलेली, कारण एकाला मिळालं की दुसऱ्याला हवंच असायचं. उन्हाळाभर त्यांचं त्यावरून भांडण चाले. डेल कधी ऐकायचा नाही.

"तूच कर की," तो लांबून ओरडायचा. "थोरला आहेस ना?"

"लाइल, तुझं बंद कर," रेनो म्हणाला.

लाइलनं झोपडीत जाऊन बंद केलं.

फराटे तसेच.

"बॅटरीची वायर काढ."

लाइलनं वायर काढून बाहेर आणून दाखवली.

फराटे तसेच...

तळ्यावर तिसरं माणूस नव्हतं. मैलभर नुसता पांढरा बर्फ.

"माझीच जोडणी बोंबलली आहे," रेनो म्हणाला. त्यानं सगळं उपसलं, तारा सोडल्या, पुन्हा बांधल्या. बोटं बधिर झाली. मग वैतागून दुसरं भोक पाडलं, पुढे, तळ्यातल्या खडकांच्या दिशेनं. तिथेही तेच. तिसरं पाडलं. चौथं. प्रत्येक वेळी बर्फ उपसा, पाइप सोडा, ठोकळा सरळ करा.

"रेनो," लाइल म्हणाला, "एक सांगू? पहिल्या भोकात कमी होते. पुढे येऊ तसे वाढताहेत."

"तुझं डोकं वाढतंय. ती तार दे."

"अरे, पण बघ तरी..."

"दे म्हटलं ना."

पाचवं भोक खडकांपासून पन्नास पावलांवर पाडलं. सव्वाचार झाले होते, ऊन कलत होतं. रेनोनं पाइप सोडला.

आणि पडदा भरून गेला.

तळ दिसेना. पाणी दिसेना. वरपासून खालपर्यंत नुसते फराटे, एकावर एक... थांबायचं नाव नाही.

दोन तासांची मेहनत, फुटलेली बोटं, संध्याकाळी आईचा येणारा फोन, सगळं रेनोच्या डोक्यात गेलं. त्यानं पाइपला लाथ घातली आणि भोकात बघून, उन्हाळाभर ओरडायचा तसाच तो ओरडला.

"अरे, बंद कर ना तुझं!"

पडदा स्वच्छ झाला.

एकदम. त्याच क्षणी.

अठ्ठावीस फूट. सपाट तळ. एक फराटा नाही.

खाली बर्फ कुठेतरी कण्हल्यासारखा वाजला... मग तेही थांबलं.

लाइल हळूच म्हणाला, "रेनो, तू कुणाला ओरडलास?"

रेनो बर्फावर बसला. आणि गेले दहा आठवडे जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्यानं तिथे सांगितलं.

दोन नोव्हेंबरला दोघं आपापल्या होडीत होते. धुकं होतं. फराटे आले आणि रेनो ओरडला, बंद कर तुझं. जरा जास्तच घालूनपाडून बोलला. डेलनं उलट उत्तर दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं थोरल्याचं ऐकलं. रेनोचा पडदा स्वच्छ झाला आणि डेलची होडी धुक्यात निघून गेली, खोली न बघता. खडकांवर तिचा निळा रंग खरवडलेला सापडला. उभ्या गावाला कोडं पडलं होतं... यंत्र असताना डेल खडकावर गेला कसा?

लाइलनं थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्यासमोर धरली.

रेनो भोकावर ओणवा झाला. आता तो ओरडत नव्हता.

"डेल, लाव रे. लाव परत. माझी चूक झाली. तू म्हणशील तर मी माझं बंद करतो, पण लाव."

अंधार पडेपर्यंत तो हेच म्हणत राहिला. तीन भोकं आणखी पाडली. पडद्यावर एक मासा येऊन गेला, बाकी काही नाही. शेवटी बॅटरी संपली. लाइलनं त्याला दंडाला धरून घरी नेलं.

फोन वाजला.

"सापडला का?"

रेनो नाही म्हणाला. ते खरं होतं की खोटं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

मे महिन्यात पाणबुडे पुन्हा उतरले, लाइलनं दाखवलेल्या जागी. अठ्ठावीस फुटांवर स्वच्छ वाळू होती. होडी नाही, डेल नाही. आणि होडीची बॅटरी दोन दिवसांत मेली असणार, हे तर आम्हाला सगळ्यांनाच कळतं. मग दहा आठवड्यांनी खालून आवाज कोण सोडत होतं?

आयली तीन वर्षांनी गेली. तिच्या शेजारची जागा अजून रिकामी आहे. रेनो दर जानेवारीत तो पाइप घेऊन जातो. जोडणी आता पक्की बसली आहे, हात लावावा लागत नाही. पडदा दर वेळी स्वच्छ असतो, आणि रेनो स्वच्छ पडद्यासमोर संध्याकाळपर्यंत बसतो.

केट्टुलावर फराटे आजही येतात. यंत्रं वाढली आहेत, येणारच. पण तिथे आता कुणी कुणाला ओरडत नाही. फराटे दिसले की आम्ही हातातलं काम थांबवतो आणि आजूबाजूला बघतो, दुसरं यंत्र कुणाचं आहे ते.

दिसलं तर बरं वाटतं.

नाही दिसलं तर... कुणीतरी जाऊन रेनोला बोलावून आणतो. आजवर तो पोचेपर्यंत फराटे टिकलेले नाहीत.