अपेक्षांचा रिकामा रकाना

आपल्याला आयुष्याकडून नेमकं काय हवंय, हे कळायला माणसाला तपश्चर्या करावी लागते. अक्षताकडे तेवढा वेळ नव्हता. तिची स्कूटी नो-पार्किंगमध्ये होती.

नोकरी सोडायचा बायोडेटा त्याच नोकरीतल्या प्रिंटरवर काढणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं, म्हणून ती जुळे सोलापुरातल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. बाहेर एप्रिलचं ऊन, आत एक टेबलफॅन, एक संगणक आणि संगणकामागे नंदीश. तिनं माहिती सांगितली, त्यानं मान खाली घालून टाइप केली, कागद बाहेर आला. वर श्री सिद्धेश्वर प्रसन्न. मध्ये शिक्षण. मग उंची, वर्ण आणि मामाचं गाव यांच्यासाठी मोकळ्या जागा. आणि सगळ्यात खाली – अपेक्षा.

दुकानात दिवसाला पाच-सहा लग्नाचे बायोडेटा निघत, नोकरीचा महिन्यातून एखादा. हात सवयीनं त्याच फायलीवर गेला होता. नंदीशनं माफी मागितली, उंची पुसली, मामाचं गाव पुसलं आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"ही राहू द्या की, मॅडम."

"मला नोकरी पाहिजे. नवरा नको."

"मग तर लिहायलाच पाहिजे. नवऱ्यासंगं माणूस दिवसातनं दोन तास बोलतो. नोकरीत नऊ तास काढायचे हायत."

सुटका करून घ्यायची म्हणून तिनं सांगितलं – चांगला पगार, चांगलं वातावरण, प्रगतीला वाव. नंदीशची बोटं हलली नाहीत. तो म्हणाला, मुलीवाले 'निर्व्यसनी, सुशिक्षित, समंजस' लिहितात, तसंच हे. त्यात अर्धा जिल्हा बसतो आणि वर्षभरानं दोन्ही घरं रडतात.

अक्षता हसली... आणि मग तिला हसू येईना. चार वर्षांत तिच्या तीन नोकऱ्या झाल्या होत्या. आधी कर्जवसुलीचे फोन, मग एका शाळेचं प्रवेश कार्यालय, आता टॉवेल निर्यात करणाऱ्या कंपनीत टेबल. तिन्ही तिनं एकाच कारणासाठी घेतल्या होत्या : त्यांचा फोन आधी आला होता. आता पुण्याहून चौथा आला होता. विम्याचं कॉल सेंटर, पगार दीडपट, होकार आणि बायोडेटा दहा दिवसांत. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, गल्लीत सांगूनही टाकलं होतं आणि घरात बजावलंही होतं, की ही शेवटची नोकरी. इथूनही पळालीस तर दुसऱ्या प्रकारचा बायोडेटा बाहेर पडेल. तो तयारच होता.

"हा रकाना भरल्याशिवाय मी पुण्याला होय म्हणणार नाही," ती म्हणाली. असे निर्धार माणसं नदीकाठी वगैरे करतात. तिनं लॅमिनेशनच्या मशीनशेजारी केला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती हजर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी टेबलफॅनचं तोंड आधीच गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे वळलेलं होतं आणि नंदीशचा सदरा पाठीला चिकटला होता. दोघांनीही त्याची दखल घेतली नाही. म्हणजे तिनं घेतली, पण बोलून दाखवली नाही.

आधी तिनं नको त्या गोष्टी आणल्या. रात्री आठनंतर साहेबांचा फोन नको. फोनवर खोटं हसणं नको. नंदीश म्हणाला, नको ते सगळ्यांनाच पाठ असतं. हवं ते सांगा. मग तिनं ऑफिसात एक युक्ती केली. घड्याळाकडे बघितलं, की वहीत रेघ. दिवसाला तीस-पस्तीस रेघा व्हायच्या. फक्त गुरुवारी दुपारी सव्वा तास एकही नव्हती.

"काय चाललं होतं तवा?" नंदीशनं खुर्ची पुढे ओढली.

त्या सव्वा तासात ती टेबल सोडून कारखान्यात, टॉवेल विणणाऱ्या मागांपाशी होती. परदेशातल्या गिऱ्हाइकानं टॉवेलच्या काठाबद्दल लांबलचक तक्रार पाठवली होती आणि ती मागांवर देखरेख करणाऱ्या नागप्पांना कुणी समजावून देत नव्हतं. अक्षतानं ती कन्नडमध्ये सांगितली. नागप्पांनी चूक कुठं होते ते धागा ओढून दाखवलं, तिनं ते गिऱ्हाइकाला कळेल असं लिहिलं. काठ सुधारला. साहेबांनी विचारलं, जागेवर का नव्हतीस.

नंदीशनं कीबोर्ड तिच्याकडे सरकवला... तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि कीबोर्ड गरजेपेक्षा जरा जास्त वेळ दोघांच्या मध्ये राहिला.

तिनं टाइप केलं : माल डोळ्यांसमोर तयार होत असावा. करणाऱ्याशी आणि घेणाऱ्याशी, दोघांशी बोलायचं काम असावं. रविवार माझा असावा.

नवव्या दिवशी तिनं पुण्याला नाही कळवलं. अप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी, मीठ कमी आहे, एवढंच बोलले. ती तोच कागद घेऊन कारखान्यांच्या पायऱ्या चढली. तीन ठिकाणी सांगितलं, असली जागाच नसते. चौथ्या ठिकाणी, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, मालकीणबाईंनी तिन्ही ओळी दोनदा वाचल्या आणि नमुने विभागात ये म्हणाल्या. पगार होता तेवढाच.

बातमी सांगायला ती दुकानात आली. नंदीशनं पेढा घेतला, खाल्ला नाही.

"आता येणं हुणार न्हाय तुमचं."

"तुम्ही इतक्या लोकांच्या अपेक्षा टाइप केल्या. तुमची कुठाय?"

त्यानं नवी फाइल उघडली. उंची, मामाचं गाव सगळं सोडून खाली आला आणि एकेक अक्षर शोधत – इतरांचं तो न बघता टाइप करायचा – एक ओळ लिहिली. पडदा तिच्याकडे वळवला.

अपेक्षा : साडेपाचला येणारी असावी.

अक्षतानं ती दोनदा वाचली.

"फार नेमकं झालं," ती म्हणाली. "यात एकच बसते."

"नेमकंच पाहिजे की."

"पण नवी नोकरी सहाला सुटते. तिथून इथं यायला पाऊण तास."

त्याच्या कानापर्यंत लाली चढली. त्यानं 'साडेपाचला' खोडून 'पावणेसातला' केलं आणि विचारलं, आता?

"आता बरोबर आहे," ती म्हणाली, आणि टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे वळवलं.

दुकान साडेसहाला बंद व्हायचं. हल्ली आठपर्यंत उघडं असतं. पावणेसातनंतर झेरॉक्स मिळत नाही, तशी पाटी लावली आहे.