बुजवलेली टाकी

उरवड्याच्या कडेला बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात मेंढरं बसवायला म्हसू निघाला, तेव्हा ऊन नुकतं कलायला लागलं होतं. लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवतात, हे साऱ्या मुलखाला ठाऊक. कारखान्यात बसवायचा हा पहिलाच प्रसंग.

बोलावणं शैलेश बिल्डरचं होतं. विषारी पडीक जागा साफ करून घरं बांधणाऱ्याला नगरपरिषद काही वर्षं घरपट्टी माफ करणार होती. साफ कोण करत बसतो? शैलेशने वरून तांबड्या मातीचा थर पसरला, त्यावर गवत उगवलं. सकाळी साहेब पाहणीला येणार होते. चरणारी मेंढरं दिसली की माती चांगली आहे, हे वेगळं सांगायला नको. बदल्यात म्हसूच्या विधवा सुनेला, उज्वलाला, तळमजल्यावर एक खोली मिळणार होती.

गरजवंताला अक्कल नसते. याच कारखान्यात म्हसूचा सोमनाथ टाकी धुवायला उतरला आणि वर आलाच नाही. हाती लागण्यासारखं आत काही उरलं नव्हतं म्हणे. मालकाने टाकी मातीने बुजवली आणि फाटकाला कुलूप लावलं. म्हसूला त्या जागेचा तिटकारा होता. पण आपले डोळे मिटल्यावर उज्वलाचं कसं, ही काळजी त्याहून मोठी होती.

कुत्रं फाटकापाशी बसलं ते बसलंच. मेंढरं आत गेली, म्हसूने भोवती जाळी ठोकली. तिन्हीसांजेला उज्वला भाकरी घेऊन आली. वारा पडला आणि तो वास आला, सोमनाथच्या कपड्यांना यायचा तोच, कडू, घशात बसणारा.

"मामा, हितं नगं ऱ्हायला."

"आजच्या दिस गं. सकाळी सायेब बगून जातील. मग तुजं घर झालंच."

तेवढ्यात कुठूनशी हाळी आली.

"हिर्रर्र... ये... ये..."

प्रत्येक धनगराची हाळी निराळी, आणि मेंढरू आपल्या धन्याशिवाय दुसऱ्याला भीक घालत नाही. कळप उठला. जाळी रेटून कोपऱ्यात गेला आणि गोल करून उभा राहिला. मधोमध टाकीएवढी जागा मोकळी. सगळ्यांच्या माना खाली, मातीकडे.

म्हसूने आपली हाळी दिली. एक कान हलला नाही. ती पहिली हाळी सोमनाथची होती; कारखान्यात लागण्याआधी हाच कळप तो राखायचा. म्हातारा भ्याला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला आनंद झाला.

"उज्वला... कान झाक, पोरी..."

"त्ये मेंढरांला न्हाई बोलवत, मामा," ती हळूच म्हणाली. "माजं नाव घेत्यात..."

म्हसूने तिला हाताला धरून फरफटत बाहेर काढलं.

सकाळी साहेबांनी गवत पाहिलं, मेंढरं पाहिली आणि खूश होऊन सही केली. कळप काठीच्या जोरावर बाहेर आला, पण म्हसूच्या हाळीला पुन्हा कधी वळला नाही. त्याने तो विकून टाकला.

आता तिथे इमारत उभी आहे. शैलेश शब्दाला जागला. खोली मिळाली, नेमकी कोपऱ्यातली. म्हसू 'नगं जाऊ' म्हणून सुनेच्या पाया पडला, रडला, तरी उज्वला राहायला गेलीच.

तिन्हीसांजेला तो फाटकाबाहेरून तिला हाका मारतो. ती खिडकीत उभी दिसते, पण वर बघत नाही. तिची मान खाली असते, फरशीकडे.